किल्ल्यांचा जुडगा आणि विश्वस्तवृत्ती

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरविण्यात आलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर. विषय : संगणक-जाळे आणि प्रणाली-प्रशासन यांचे महाविद्यालयीन शिक्षण)



जुन्या पेढीवर दिवाणजी असत. पेढी शेठजींची, माल शेठजींचा, नफा-तोटाही शेठजींचा. परंतु तिजोरीच्या, कोठाराच्या आणि दप्तराच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र दिवाणजींच्या कमरेला. त्या जुडग्यामुळे दिवाणजी श्रीमंत होत नसत, जबाबदार होत असत. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसेपर्यंत त्यांना झोप येत नसे. जे आपले नाही ते आपल्याहून अधिक काळजीने सांभाळायचे, ही विश्वस्तवृत्तीची सर्वांत साधी व्याख्या त्यांच्या रोजच्या वागण्यात दिसे.

काळ बदलला. रोजकीर्द आणि खतावणी संगणकात गेली. बँकेतील ठेवी, शेतकऱ्याचा सातबारा, रुग्णालयातील तपासणीचे अहवाल, विद्यापीठाच्या परीक्षेतील गुण, आगगाडीचे आरक्षण हे सारे आज कोठेतरी दूर असलेल्या सर्व्हरवर नोंदलेले असते. दप्तर बदलले, तिजोरी बदलली. किल्ल्या मात्र आजही कोणाच्या तरी हाती असाव्याच लागतात. ज्याच्या हाती त्या असतात, त्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजेच प्रणाली-प्रशासक म्हणतात. त्याचे काम नीट चालले असेल तर कोणाला त्याचे नावही ठाऊक नसते. काम बिघडले, की मात्र गावभर त्याचा शोध सुरू होतो.

या माणसाची जडणघडण महाविद्यालयात होते. तंत्रनिकेतनातील पदविका असो, बी.एस्सी. संगणकशास्त्र असो, बी.सी.ए. असो की अभियांत्रिकीची पदवी असो, ‘कॉम्प्युटर नेटवर्क’ आणि ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ हे दोन विषय सर्वत्र असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही संगणकाची यंत्रसामग्री आणि जाळ्यांची देखभाल शिकविणारा स्वतंत्र व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. या विषयांत नेमके काय शिकवले जाते, ते कशासाठी शिकायचे आणि शिकताना कोणती गोष्ट निसटून जाते, याचा विचार आजच्या सभेत व्हावा, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

पाऊण डॉलरचा फरक

विषयाचा गाभा समजण्यासाठी प्रथम एक सत्यकथा. १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यातील ही गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लॉरेन्स बर्कली ही नामांकित प्रयोगशाळा आहे. तेथे क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ काम करीत होता. संशोधनाचे अनुदान संपल्यामुळे त्याची रवानगी संगणक विभागात झाली होती. प्रयोगशाळेतील संगणक वापरणाऱ्यांकडून वेळेनुसार आकार घेतला जाई आणि त्याचा हिशोब दोन निरनिराळ्या आज्ञावल्या ठेवीत असत. त्या महिन्यात दोन्ही हिशोबांत ७५ सेंटचा, म्हणजे पाऊण डॉलरचा फरक आला. नव्याने आलेल्या स्टॉलला तो फरक शोधण्याचे काम सोपविण्यात आले.

‘पाऊण डॉलर तर आहे, सोडून द्या’ असे म्हणता आले असते. स्टॉलने ते सोडले नाही. शोध घेता घेता असे आढळले, की ज्याच्या नावावर देयक पाठविण्याचा पत्ताच नाही, असा एक वापरकर्ता संगणकात शिरला होता आणि त्याने काही सेकंद यंत्र वापरले होते. स्टॉलने प्रयोगशाळेतील मिळतील तेवढे छपाई-यंत्र गोळा करून दूरध्वनीच्या मार्गांना जोडले आणि त्या अज्ञात पाहुण्याचा प्रत्येक टंकलेला शब्द कागदावर उमटवून घेतला. दिनांक आणि वेळ घालून त्याने वहीत रोजची नोंद ठेवली. महिनोन् महिने चाललेला हा माग अखेर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरात पोहोचला. तेथील काही मंडळी अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून माहिती गोळा करीत होती आणि ती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होती. १९८९ मध्ये स्टॉलने या शोधावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, चोर सापडला तो महागड्या यंत्रामुळे नव्हे, तर हिशोब जुळत नाही हे पाहून अस्वस्थ होणाऱ्या माणसामुळे. दुसरी, ते अस्वस्थ होणे उपयोगी पडले, कारण त्या माणसाला संगणकाची कार्यप्रणाली आतून ठाऊक होती. वृत्ती आणि विद्या यांपैकी एकच असती, तर पाऊण डॉलर तसाच वाहून गेला असता. महाविद्यालयातील या दोन विषयांचे अध्ययन म्हणजे याच दोन गोष्टींचा मेळ होय.

जाळे : निरोप पोहोचतो कसा?

नेटवर्क या विषयाच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यासमोर ‘थरांचे’ चित्र काढले जाते. पुष्कळांना ते पाठांतराचे ओझे वाटते. वास्तविक त्यामागील कल्पना टपालासारखीच सोपी आहे. पत्र लिहिणाऱ्याला मजकुराची काळजी, पोस्टमनला पत्त्याची आणि आगगाडीला फक्त थैलीची. प्रत्येकाने आपल्यापुरते काम चोख करायचे, दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. संगणकाचा निरोपही असाच लहान लहान पुडक्यांत विभागला जातो. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील राउटर तो पत्ता पाहून पुडके पुढे ढकलतात. एखादे पुडके हरवले, तर ते पुन्हा मागवून घेण्याची जबाबदारी दोन्ही टोकांवरील संगणकांची असते.

या विद्येचा आरंभही एका विद्यार्थ्याच्या हातूनच झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रा. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेतील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्याचा प्रयत्न केला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. आजच्या महाजालाचा पहिला निरोप दोनच अक्षरांचा होता! पुढे व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये निरनिराळी जाळी एकमेकांना जोडणारी संभाषणाची रीत मांडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी त्या आद्य जाळ्याने तीच रीत स्वीकारली. टीसीपी-आयपी या नावाने विद्यार्थी आज अभ्यासतात ती हीच.

या इतिहासात मुंबईचेही मानाचे स्थान आहे. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अशा आठ संस्था त्यात होत्या. मुंबईच्या त्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये अर्नेटची पहिली भाडेतत्त्वावरील तार जोडली गेली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट एवढाच होता. आज साध्या भ्रमणध्वनीवर त्याच्या हजारो पट वेग मिळतो. सर्वसामान्य नागरिकांसाठी देशात इंटरनेट खुले झाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आता पत्त्यांचे गणित. जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणून एकूण पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगाची लोकसंख्या याहून अधिक असल्याने १२८ बिटांची नवी पद्धत आणावी लागली. परीक्षेत या पत्त्यांचे विभाजन करण्याचे, म्हणजे सबनेटिंगचे, उदाहरण हमखास येते आणि विद्यार्थी ते सूत्रात आकडे घालून सोडवतो. पण हे गणित कशासाठी, हे त्याला विचारले तर तो गप्प होतो.

एक महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. त्याच्याकडे १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते आहेत. त्यांचे चार समान भाग केले, तर प्रत्येकी ६४ पत्त्यांचे चार विभाग पडतात. प्रत्येक विभागातील पहिला पत्ता विभागाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवला, की यंत्रांसाठी ६२ उरतात. एक विभाग कार्यालयाला, दुसरा ग्रंथालयाला, तिसरा प्रयोगशाळेला आणि चौथा परीक्षा विभागाला. या विभागांच्या वेशीवर राउटर व भिंतीप्रमाणे काम करणारी फायरवॉल बसवली आणि कोणी कोठे जावे याचे नियम घातले, की प्रयोगशाळेतील एखाद्या यंत्रात विषाणू शिरला तरी तो परीक्षेच्या गुणांपर्यंत सहजासहजी पोहोचत नाही. घराला ओटी, माजघर आणि देवघर अशी रचना असते ती याच विचाराने. हे ज्याला उमगले, त्याच्यासाठी सबनेटिंग हे गणित राहत नाही, ती मर्यादा आखण्याची कला होते.

जाळ्यातील सर्व अंगे एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री घरोघरी अनुभवास आले. त्या रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकाएकी बंद पडले आणि सुमारे ६ तास बंद राहिले. कोणी हल्ला केलेला नव्हता. नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या केंद्रांना जोडणारे आतील जाळे तुटले. अशी चुकीची आज्ञा अडविण्यासाठी बनविलेल्या साधनातच दोष असल्याने ती अडली नाही. त्यापाठोपाठ नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांकडे जाणारे मार्गही जगाच्या नकाशावरून मागे घेतले गेले. ते सर्व्हर चालू होते. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट उरली नव्हती. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जाऊन काम करावे लागले. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवू नये, हे दिवाणजींना ठाऊक असलेले शहाणपण आधुनिक यंत्रणांनाही पुन्हा शिकावे लागते.

कार्यप्रणाली : अधिकार आणि मर्यादा

दुसरा विषय ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली. संगणकात एकच स्वयंपाकघर आणि पंक्तीला शेकडो पाने, अशी स्थिती असते. कोणाला आधी वाढायचे, कोणाला किती जागा द्यायची आणि कोणी कोणाच्या पानात हात घालू नये, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडविण्यास आरंभ केला. १९८७ मध्ये अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांनी केवळ विद्यार्थ्यांना शिकविता यावे म्हणून मिनिक्स ही छोटी प्रणाली लिहिली. ती वापरणाऱ्या, हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. ज्याची आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते असे ते लिनक्स आज बहुसंख्य भ्रमणध्वनींच्या मुळाशी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक त्यावर चालतो. एका प्राध्यापकाने शिकविण्यासाठी केलेले साधन आणि एका विद्यार्थ्याचे कुतूहल यांतून केवढे काम उभे राहते, याचे हे उदाहरण प्रत्येक शिक्षणसंस्थेने लक्षात ठेवावे.

लिनक्समध्ये प्रत्येक धारिकेला एक मालक असतो, एक गट असतो आणि बाकीचे सारे ‘इतर’ असतात. वाचण्याचा अधिकार ४, लिहिण्याचा २ आणि चालविण्याचा १, अशा अंकांची बेरीज करून प्रत्येकाचा अधिकार ठरतो. गुणपत्रकाच्या धारिकेला ६४० हा अंक दिला, तर मालकाला वाचता-लिहिता येते, गटाला फक्त वाचता येते आणि इतरांना काहीच करता येत नाही. तीन अंकांत एवढी मोठी शिस्त सामावलेली आहे.

पण प्रयोगशाळेत घडते काय? विद्यार्थ्याची आज्ञा चालत नाही. पडद्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. तासिका संपत आलेली असते. शेजारचा मित्र कानात सांगतो, ‘सीएचमॉड ७७७ दे’. म्हणजेच सर्वांना सर्व अधिकार! आज्ञा तत्काळ चालते, जर्नलवर शिक्षकांची सही होते आणि प्रयोग पूर्ण झाला असे सर्वजण समजतात. प्रत्यक्षात त्या क्षणी एक वाईट सवय पक्की झालेली असते. तोच विद्यार्थी उद्या एखाद्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर बसेल, तेथेही काही अडले तर हात आपसूक त्याच तीन अंकांकडे जाईल आणि ठेवीदारांच्या खात्यांची दारे उघडी राहतील. कुलूप उघडत नाही म्हणून दारच काढून ठेवावे, यातला हा प्रकार आहे. परवानगी का नाकारली गेली, हे शोधायला दहा मिनिटे अधिक लागतात. ती दहा मिनिटे म्हणजेच शिक्षण.

या व्यवस्थेच्या शिखरावर ‘रूट’ नावाचा वापरकर्ता असतो. त्याला सामान्यतः कोणतीही आडकाठी नसते. तो काहीही वाचू शकतो, काहीही पुसू शकतो. म्हणून जाणते प्रशासक रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने करतात, गरजेपुरता वरचा अधिकार घेतात आणि काम होताच तो खाली ठेवतात. जेवढे काम तेवढाच अधिकार, हे या शास्त्रातील मूलतत्त्व आहे. सत्ता हाती असूनही ती न वापरणे, हा येथे सद्गुण तर आहेच. त्याहून अधिक, ती कामाची रीत आहे.

राखीव प्रत आणि खरे बोलणे

तिसरा धडा चुकीचा. माणूस आहे तेथे चूक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एक अभियंता रात्री उशिरापर्यंत माहितीसाठ्यातील बिघाड दूर करण्याचा प्रयत्न करीत होता. दुय्यम सर्व्हरवरील रिकामी धारिका-पेटी पुसण्याची आज्ञा त्याने नजरचुकीने मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली होती. राखीव प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. मात्र त्या तपासल्या तेव्हा ऐनवेळी कामी येईल अशी प्रत त्यांतून हाती लागेना. नियमित प्रती घेणारी आज्ञा कित्येक दिवस निष्फळ होत होती आणि तसे कळविणारी पत्रे पोहोचतच नव्हती. सुदैवाने त्याच अभियंत्याने अन्य कामासाठी सुमारे ६ तास आधी एक प्रत काढून ठेवली होती. ती उपयोगी पडली आणि मधल्या ६ तासांतील माहितीवर पाणी सोडावे लागले.

या प्रसंगातून मिळणारा पहिला बोध असा : जी प्रत परत उभी करून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हेच. विहिरीला पाणी आहे की नाही, हे घराला आग लागल्यावर पाहायचे नसते. महाविद्यालयात बॅकअप घेण्याचा प्रयोग असतो. बॅकअपवरून संपूर्ण यंत्र पुन्हा उभे करण्याचा प्रयोग मात्र क्वचितच करवून घेतला जातो. तो प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी, घड्याळ लावून, करावा.

दुसरा बोध अधिक मोलाचा आहे. कंपनीने काही दडवले नाही. दुरुस्तीचे काम सर्वांना पाहता येईल असे खुले ठेवले आणि काय चुकले याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तो वाचून जगभरच्या अनेकांना आपापल्या राखीव प्रती तपासून पाहण्याची बुद्धी झाली असेल. झालेली चूक लपवणारा प्रशासक ती चूक पुन्हा घडण्याची सोय करून ठेवतो. चूक वेळेवर सांगणारा प्रशासक संस्थेचे रक्षण करतो. पालकांनी आणि शिक्षकांनी येथे स्वतःलाही एक प्रश्न विचारावा : घरात आणि वर्गात, ‘माझ्या हातून हे बिघडले’ असे म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी मिळते की शिक्षा?

कुतूहलाची लक्ष्मणरेषा

विद्या हाती आली, की तिची परीक्षा घेण्याचा मोह होतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच पसरत जाणारी एक आज्ञावली जाळ्यावर सोडली. धारिका पुसण्याची कोणतीही सोय त्याने तिच्यात केलेली नव्हती. परंतु हिशोब चुकला. ती एकाच यंत्रात पुन्हा पुन्हा शिरू लागली आणि त्या काळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० संगणक ठप्प झाले. न्यायालयाने १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. पुढे हाच विद्यार्थी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाला, ही त्याच्या विद्वत्तेची साक्ष. पण त्या रात्री अनेक ठिकाणच्या प्रशासकांना जागून काढाव्या लागलेल्या तासांची भरपाई त्याने होत नाही.

आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू आहे. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारीच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणे, माहिती उतरवून घेणे वा ती बिघडवणे यांसाठी कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘फक्त पाहत होतो’ हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही. वसतिगृहातील शेजाऱ्याचा पासवर्ड ओळखून दाखवणे ही गंमत वाटते, पण विश्वस्तवृत्तीला पहिला तडा तेथेच जातो.

शिक्षणात काय हवे?

मग उणीव कोठे आहे? अभ्यासक्रम पुष्कळ अंशी चांगले आहेत, शिक्षकही कष्टाळू आहेत. उणीव आहे ती शिकण्याच्या रीतीत. नेटवर्क एका सत्रात, कार्यप्रणाली दुसऱ्या सत्रात. दोन्ही वह्या वेगळ्या, दोन्ही परीक्षा वेगळ्या. त्यामुळे संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा दोष तारेत आहे, पत्त्यात आहे, नामसूचीत आहे, फायरवॉलमध्ये आहे, की सर्व्हरवरील सेवाच बंद पडली आहे, हे खालपासून वरपर्यंत क्रमाने तपासण्याची सवय लागत नाही. दुसरे, मागील वर्षीचे जर्नल उतरवून काढले की प्रयोग झाला, असा समज रूढ झाला आहे. तिसरे, ‘यंत्र बिघडेल, हात लावू नका’ ही सूचना. ज्याला यंत्र बिघडवण्याची मुभा नाही, त्याला ते दुरुस्त करायला कसे येणार?

उपाय खर्चिक नाहीत. आज एका साध्या संगणकात आभासी यंत्रे तयार करता येतात. एकाच पडद्यावर सर्व्हर, ग्राहक-संगणक आणि राउटर उभे करून त्यांचे छोटे जाळे विणता येते. मुद्दाम बिघाड करावा, नोंदी वाचून कारण शोधावे, दुरुस्त करावे. नाहीच जमले तर ते आभासी यंत्र पुसून नव्याने सुरुवात करावी. कोणाचे काही नुकसान होत नाही. लिनक्सला शुल्क लागत नाही आणि प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका तिच्यातच असते. इंग्रजीमुळे बिचकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. पहिले पाऊल मातृभाषेत पडले, की पुढे माहितीपुस्तिकेतील इंग्रजी परके वाटत नाही.

यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही ठेवावी. आज कोणत्या यंत्रात, किती वाजता, कोणता बदल केला, का केला आणि तो मागे कसा घ्यायचा, एवढ्या ओळी रोज लिहाव्यात. स्टॉलच्या शोधाला आधार झाली ती अशीच वही. दिवाणजींची रोजकीर्दही याहून वेगळी नव्हती.

खाजगी कंपन्यांच्या प्रमाणपत्रांविषयी पालक नेहमी विचारतात. ती निरुपयोगी नाहीत. रेड हॅटसारख्या परीक्षांत तर प्रत्यक्ष यंत्रावर काम करूनच उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु प्रमाणपत्र हे शिक्षणाचे फळ असावे, शिक्षणाचा पर्याय नव्हे. तसेच सारे काही ‘क्लाउड’वर गेले आणि संगणक स्वतःच काम करू लागले, आता या विद्येचे काय काम, असेही विचारले जाते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील सर्व्हर. तेथेही आयपी पत्ते आहेत, परवानग्या आहेत, राखीव प्रती आहेत आणि चुकीच्या आज्ञाही आहेत. बुद्धिमान साधने आज्ञा लिहून देतील; ती आज्ञा चालवावी की नाही, याचे उत्तर मात्र किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्यालाच द्यावे लागेल.

शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांना या कामी मोठा हातभार लावता येईल. कार्यालयांतून बाद झालेले दहा-बारा संगणक, एक-दोन जुने स्विच, एक खोली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मार्गदर्शन करणारा एक अनुभवी प्रशासक एवढ्यावर एक अभ्यासगट उभा राहू शकतो. त्या खोलीच्या दारावर एकच पाटी असावी : ‘येथे यंत्र बिघडवण्यास परवानगी आहे, नोंद न करण्यास नाही.’ पालकांनीही ‘मुलगा तारा जोडण्याचे शिकतो’ असे म्हणून या विद्येला कमी लेखू नये, आणि मुलींना हे काम जमणार नाही हा समजही मनातून काढून टाकावा. जाळ्यांतील निरोप वर्तुळात फिरत राहू नयेत यासाठीची जी पद्धत आजही विद्यार्थी अभ्यासतात, ती १९८५ च्या सुमारास रेडिया पर्लमन या विदुषीने दिलेली आहे.

विश्वस्त हा शब्द संस्थांच्या घटनेत असतो, तसा तो माणसाच्या कामातही असावा लागतो. कोणी पाहत नसताना, मध्यरात्री, सर्व अधिकार हाती असताना, दुसऱ्याच्या ठेवीला धक्का न लावणे आणि पाऊण डॉलरचा फरकही सोडून न देणे, एवढे ज्या विद्यार्थ्याच्या अंगी बाणले, त्याचे शिक्षण सफल झाले. पुढील काळाची दप्तरे अशाच हातांत सुरक्षित राहतील. त्या हातांना विद्येचे बळ आणि विवेकाची जोड लाभो, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी शुभकामना.